अंगाची आग आणि चढावरचा दम

मे महिन्यात मालवणात घाम कुणाला येत नाही? पण अंगणात आमसुलं करायला बसलेल्या काकीचा चेहरा एकदम लालबुंद झाला. पदराने वारा घेत म्हणाली, "माका आंगाची आग आग होता गो, आन मगे थंडी वाजता." छातीत धडधडही होत होती. चार मिनिटांत सगळं निवळलं आणि ती सालींना रसाचं पुढचं पूट द्यायला लागली.

पंधरा दिवसांनी पाखाडीच्या पायऱ्या चढताना ती अर्ध्यावर थांबली. दम लागला, जबडा जड झाला, कपाळावर गार घाम आला. पायरीवर टेकल्यावर बरं वाटलं. घरी येऊन पित्त म्हणून कोकम सरबत प्यायली. घरच्यांचं निदान दोन्ही वेळा एकच, "पाळी जातेय, होतं असं." पहिल्या वेळी ते बरोबर होतं.

पाळी जाताना इस्ट्रोजेन हे हार्मोन कमी झालं की मेंदूतलं तापमान सांभाळणारं केंद्र हळवं होतं. जरासा उष्मा वाढला तरी त्याला वाटतं शरीर तापलंय, आणि ते कातडीखालच्या रक्तवाहिन्या भसकन उघडतं. आधी उष्णता, मग घाम, मग हुडहुडी हा क्रम त्यामुळेच. बसल्या जागी येतं, रात्री झोपेतही येतं.

पाखाडीवरचा प्रकार नेमका उलटा. तिथे हृदयाच्या रक्तवाहिन्या पुरेशा उघडत नाहीत. इस्ट्रोजेन वाहिन्यांच्या आतल्या अस्तराकडून नायट्रिक ऑक्साइड तयार करून घेतं आणि त्या वायूने वाहिनी सैल पडते. (हा वायू शरीरात असं काम करतो या शोधाला 1998 चं नोबेल मिळालं. छातीत दुखलं की जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटची गोळी काम करते तीही त्याच्याच जोरावर.) पाळी गेल्यावर ही मदत आटते, वाईट कोलेस्टेरॉल वाढतं, वाहिन्या ताठर होतात. पण हे वर्षानुवर्षं, गुपचूप चालतं. त्यात बीपी, साखर किंवा मशेरीची भर पडली की चढावर हृदयाला जास्त रक्त लागतं तेव्हा ते पुरत नाही. म्हणून चढताना त्रास आणि टेकल्यावर आराम. बायकांतही छातीतलं दुखणं हेच मुख्य लक्षण, पण सोबत पाठ, जबडा, मळमळ, नुसता थकवा असं बरंच काही येतं आणि तिथेच फसगत होते.

मग हार्मोनच्या गोळ्या घेऊन हृदय वाचवावं का? एकेकाळी डॉक्टरांनाही तसंच वाटायचं. 2002 साली अमेरिकेत सोळा हजारांवर बायकांवर चाललेला इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिन या हार्मोनच्या गोळ्यांचा अभ्यास मधेच थांबवावा लागला. स्तनाचा कर्करोग, पक्षाघात आणि हृदयविकार वाढलेले दिसले. त्या बायकांचं सरासरी वय 63 होतं, पाळी जाऊन बरीच वर्षं झालेली. लवकर सुरू केल्यास धोका कमी असतो हे नंतर कळलं. अंगाची आग फारच छळत असेल तर डॉक्टर तपासून या गोळ्या देतात, पण हृदयाचं औषध म्हणून नाही.

टेकूनही पाच मिनिटांत दुखणं थांबलं नाही तर सरबत करत बसू नये, थेट 108 लावावा.

काकीची स्ट्रेस टेस्ट झाली, दोष निघाला, औषधं सुरू झाली. सॉर्बिट्रेट आता तिच्या पानाच्या चंचीत, सुपारीच्या शेजारी असते. डॉक्टरांनी तंबाखू बंद केलीय. चंची सोडायला मात्र ती तयार नाही.