“आहे का तुझ्याकडे?” – रेडिओवरच्या टपालपेट्या एकमेकींना काय विचारतात

माझ्या टेबलावर रास्पबेरी पाय नावाचे दोन छोटे संगणक आहेत आणि त्यांना जोडलेले हातात मावणारे दोन व्हीएचएफ रेडिओ संच, सर्वांत कमी शक्तीवर लावलेले. ठरलेल्या वेळेला एका संचाचा लाल दिवा लागतो आणि जाड कापड टर्रकन फाडावं तसा आवाज येतो, जेमतेम सेकंदभर. मग दुसरा संच तसाच उत्तर देतो. दोन्ही संगणकांवर पॅकेट रेडिओची एकेक मेलबॉक्स चालू आहे. हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाली मंडळी, तिला बीबीएस म्हणतात, मी पेटी म्हणतो. परवा या खरखरीची नोंद पडद्यावर बघत होतो. पहिल्या पेटीने पाच निरोपांची यादी सांगितली. दुसरीने उत्तर दिलं:

एफएस ++-=+

म्हणजे पहिले दोन दे, तिसरा माझ्याकडे आधीच आहे, चौथा आत्ता नको, नंतर बघू, पाचवा दे. रेडिओवरून आपोआप टपाल पुढे नेण्याची ही सगळी यंत्रणा या एका ओळीवर उभी आहे. निरोप पाठवायच्या आधी समोरच्याला विचारायचं, हे त्यातलं मर्म. ते का लागतं, ते सांगतो.

पॅकेट रेडिओ म्हणजे मजकुराचे लहान तुकडे करून, प्रत्येक तुकड्यावर पाठवणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं कॉल साइन, म्हणजे परवान्यावरचं रेडिओ-नाव, लिहून, शेवटी चुका पकडणारी १६ बिटांची बेरीज जोडून तो तुकडा हवेत सोडणं. एका तुकड्यात नेहमीच्या पद्धतीत २५६ बाइटपर्यंत मजकूर. कल्पना हवाई विद्यापीठाची: नॉर्मन अब्रॅमसन यांच्या चमूने १९७१मध्ये बेटाबेटांवरचे संगणक ‘अलोहानेट’ने रेडिओवर जोडले. हौशी रेडिओवर हे पहिल्यांदा १९७८मध्ये कॅनडातल्या माँट्रियलच्या मंडळींनी केलं. पुढे अमेरिकेतल्या टूसॉनच्या हॅम गटाने टीएनसी नावाचं छोटं यंत्र बनवलं. एका बाजूला संगणक, दुसऱ्या बाजूला रेडिओ, मधलं सगळं त्याच्याकडे. १९८४मध्ये एएक्स.२५ या नियमावलीची दुसरी आवृत्ती छापून आली आणि जगभरच्या पेट्या एकच भाषा बोलू लागल्या.

आता अडचण बघा. व्हीएचएफच्या लहरी साधारण नजर पोचेल तितक्याच जातात. मध्ये डोंगर आला की संपलं. त्यावर पहिला उपाय निघाला डिजिपीटरचा: उंचावर एक संच ठेवायचा, त्याने ऐकलेला तुकडा जसाच्या तसा पुन्हा उच्चारायचा. एएक्स.२५मध्ये असे आठ डिजिपीटर ओळीने लावता येतात. पण यात एक मोठी खोट आहे. पोच देतो तो शेवटचा माणूस, मधला कुणी नाही. समजा प्रत्येक टप्पा शंभरात नव्वद वेळा नीट पार पडतो. आठ टप्पे असतील तर तुकडा पलीकडे पोचण्याची शक्यता ०.९चा आठवा घात, म्हणजे शंभरात ४३. पोचही त्याच वाटेने परत यायची, तिचीही तीच गत. दोन्ही मिळून शंभरात १८ ते १९. एखादा टप्पा हुकला की सगळं पहिल्यापासून, आणि तेवढ्या वेळात ती वाहिनी इतर कुणाच्या कामाची राहत नाही.

पेट्यांची साखळी हे वेगळ्या तऱ्हेने करते. पहिली पेटी निरोप पूर्णपणे दुसरीच्या हवाली करते. दुसरीने “मिळाला” म्हटल्यावरच पहिलीची जबाबदारी सुटते. मग दुसरी तिसरीला गाठते, तासाभराने का होईना. एखादा टप्पा फसला तर तेवढाच पुन्हा करायचा. तेच नव्वद टक्के धरले तर तुकडा आणि पोच मिळून एका टप्प्यावर शंभरात ८१ वेळा पहिल्याच फटक्यात काम होतं. आठही टप्प्यांना मिळून सरासरी दहा प्रयत्न पुरतात. एकदम आठ टप्पे मारायच्या पद्धतीत पाच-सहा प्रयत्न लागतात, पण त्यातला प्रत्येक प्रयत्न आठ ठिकाणी हवा अडवतो. पेशवाईत कासीद पत्रं घेऊन टप्प्याटप्प्याने धावत, त्याच घराण्यातली ही युक्ती आहे.

अशा पेट्यांचं हे काम सर्वांत आधी जमवणाऱ्यांत अमेरिकेतले हँक ओरेडसन. त्यांचा प्रोग्रॅम झेरॉक्स ८२० या जुन्या मशीनवर चालायचा. पुढे फ्रान्समधल्या तुलूझचे जाँ-पॉल रूबला यांचा एफबीबी हा प्रोग्रॅम आला. त्यातली बोलाचालीची पद्धत इतकी चांगली होती की बहुतेकांनी तीच उचलली. ब्रिटनचे जॉन वाइझमन यांचा बीपीक्यू हा नोड (वाटेतलं जोडणी पुढे नेणारं केंद्र) आणि मेलबॉक्स एकत्र असलेला प्रोग्रॅम आजही चालू आहे आणि रास्पबेरी पायवरही तो आरामात चालतो. माझ्या टेबलावर तोच आहे.

आपोआप फॉरवर्डिंग, म्हणजे टपाल पुढे नेणं, लावायचं तर पहिलं काम संगणकाचं नाहीच, शेजाऱ्याशी बोलण्याचं आहे. फॉरवर्डिंग दोन पेटीचालकांच्या संमतीने चालतं. माझ्या पेटीत त्याचं कॉल साइन ‘पेटी’ म्हणून नोंदवायचं, त्याच्या पेटीत माझं. ही नोंद एकाच बाजूला असली तर समोरची पेटी तुम्हाला साधा पाहुणा समजून मेनू वाचून दाखवते आणि तुमचं यंत्र त्या मेनूपुढे अडून बसतं.

मग कनेक्ट स्क्रिप्ट, म्हणजे वाट सांगणाऱ्या चार ओळी: अमुक रेडिओवरून आधी डोंगरावरच्या नोडला हाक मार, तो भेटला की तिथून पेटीला हाक मार. पहिली वाट बंद असेल तर दुसरी कोणती, तेही इथेच लिहिता येतं. त्यानंतर कधी: दर तासाला, की ठरावीक वेळेतच? आणि शेवटी या शेजाऱ्याला काय काय द्यायचं. खरी बुद्धी या शेवटच्या प्रश्नाला लागते.

इथे पत्ता कामाला येतो. पॅकेटवरच्या पत्त्यात आधी माणसाचं कॉल साइन, मग त्याच्या पेटीचं, मग देशातला विभाग, मग तीन अक्षरांत देश, मग खंड. ब्रिटनसाठी जीबीआर, भारतासाठी आयएनडी. दूरच्या पेटीला फक्त शेवटचा भाग कळला तरी पुरतं: युरोपचं आहे ना, मग या दिशेला ढकल. जसजसा निरोप जवळ येतो तसतसा पत्त्याचा त्याच्या आधीचा भाग महत्त्वाचा होतो. आपल्याकडे पिनकोड हेच करतो, फक्त उलट्या टोकाने. पहिला ४ दिसला की पत्र महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड या पट्ट्याकडे निघतं. ४११ दिसलं की पुण्याकडे. शेवटचे तीन आकडे तिथल्या टपालखान्यापर्यंत नेतात. हा पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ला सुरू झाला तो श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्यामुळे. ते टपाल खात्यातले अधिकारी होते आणि संस्कृतचे कवीही. कुठल्याही टपालखान्याला सगळा देश पाठ नसला तरी चालेल, फक्त पुढचं पाऊल कळलं पाहिजे, ही त्यांची दृष्टी. रेडिओवाल्यांनाही शेवटी तिथेच यावं लागलं.

दिशा चुकली की काय होतं, ते मी पहिल्याच आठवड्यात पाहिलं. दोन्ही पेट्यांत मी घाईने लिहून ठेवलं होतं: ज्याचा पत्ता ओळखीचा नाही ते सगळं शेजारणीला दे. पहिलीने एक निरोप दुसरीला दिला. दुसरीलाही पत्ता अनोळखी, तिने तो परत पहिलीपुढे धरला. पहिली म्हणाली, “आहे माझ्याकडे.” त्यावर दुसरीने तो ‘पुढे गेला’ म्हणून खूण केली. दोघींच्या हिशेबी काम झालं होतं आणि निरोप कुठेच गेला नव्हता. चुकीचा संदेश नाही, धोक्याची घंटा नाही. मी यादी उघडून बसलो म्हणून सापडलं. ‘उरलेलं सगळं’ ही ओळ एकाच दिशेला असावी, आणि त्या दिशेला खरोखर कुणीतरी पुढे नेणारं असावं, हे तेव्हा पक्कं समजलं.

आता ती बोलाचाल जवळून बघू. जोडणी झाली की जिला हाक मारली ती पेटी चौकोनी कंसात स्वतःची ओळख देते: प्रोग्रॅमचं नाव, आवृत्ती, आणि काही अक्षरं. प्रत्येक अक्षर म्हणजे एकेक कसब: मला दाबून लहान केलेला मजकूर उलगडता येतो, मला खंड-देशाचे पत्ते कळतात, मी निरोपांचे क्रमांक सांभाळते. दुसरी पेटी आपली ओळख देते आणि दोघींना जे जमतं त्यावर बोलणं ठरतं. मग एका वेळी जास्तीत जास्त पाच प्रस्ताव. प्रत्येकात निरोप खाजगी की सर्वांसाठी, कुणाकडून, कुठल्या पेटीवर, कुणाला, त्याचा ओळखक्रमांक आणि आकार. त्यावर ते अधिक, वजा, बरोबरचं उत्तर. त्यातली सर्वांत सुंदर खूण मला वाटते ती उद्गारचिन्हाची. नव्या आवृत्तीत ते चिन्ह आणि पुढे एक आकडा येतो: हा निरोप मागच्या वेळी मध्येच तुटला होता, इतके बाइट माझ्याकडे आलेत, तिथून पुढे दे.

ओळखक्रमांक जास्तीत जास्त बारा अक्षरांचा असतो आणि तो जन्मभर बदलत नाही. सर्वांसाठीची बुलेटिनं प्रत्येक पेटी आपल्या सगळ्या शेजारणींना देते, त्यामुळे एकच बुलेटिन तीन वाटांनी तुमच्यापर्यंत येतं. हा क्रमांक नसता तर पेट्या तेच तेच एकमेकींना देत बसल्या असत्या. म्हणून मूळ मजकूर पुसला तरी क्रमांक बराच काळ जपून ठेवतात. मजकुराच्या माथ्यावर प्रत्येक पेटी स्वतःची एक ओळही जोडते: वेळ, जागतिक प्रमाणवेळेत, आणि आपलं नाव. जुन्या पाकिटाच्या पाठीवर वाटेतल्या टपालखान्यांचे शिक्के असत तसंच. खालून वर वाचत गेलं की निरोप कुठे तासभर थांबला आणि कुठे दोन दिवस, सगळं दिसतं.

इतकं विचारून पाठवायचं कारण हवा फार महाग आहे. नेहमीचा वेग १२०० बिट सेकंदाला, म्हणजे फार तर १५० बाइट. १२०० आणि २२०० हर्ट्झचे दोन सूर आलटून पालटून वाजवून तो मिळवतात, आणि प्रत्येक वेळी संच पाठवण्याच्या स्थितीत स्थिर होईपर्यंत साधारण तीन दशांश सेकंद नुसतेच जातात. मराठीला यात जादा मोजावं लागतं. रोमन लिपीत ‘नमस्कार’ लिहिलं तर आठ बाइट, देवनागरीत एकवीस, कारण आपल्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. एफबीबीच्या पद्धतीत मजकूर आधी दाबून मग पाठवतात, त्याचा फायदा मराठीला चांगला होतो. कारण त्या तीन बाइटांतला पहिला प्रत्येक वेळी तोच असतो.

हवा एकाच वेळी दोघांनी अडवू नये म्हणूनही एक छान युक्ती आहे. वाहिनी मोकळी झाली की लगेच बोलायचं नाही. यंत्र ० ते २५५मधला एक आकडा मनाशी काढतं. ६३ किंवा त्याहून लहान निघाला तर बोलायचं, नाहीतर सेकंदाचा दहावा भाग थांबून पुन्हा आकडा काढायचा. म्हणजे दर वेळी चारात एक संधी. तरीही डोंगराच्या दोन बाजूंच्या पेट्या एकमेकींना ऐकूच शकत नसतील तर या सभ्यतेचा उपयोग नाही. तिथे माणसानेच वेळा वेगळ्या लावाव्या लागतात. एकीची तासाला सात मिनिटांनी, दुसरीची सव्वीस मिनिटांनी. सगळ्यांनी बरोबर बाराच्या ठोक्याला लावलं तर ठोक्याला गोंधळ आणि उरलेला तास शांतता.

हीच पद्धत अवकाशातही गेली. १९८६मध्ये जपानने सोडलेल्या फुजी-ऑस्कर-१२ या हौशी उपग्रहात मेलबॉक्स होती. तो माथ्यावरून जाताना निरोप वर द्यायचा, तो दुसऱ्या देशावर पोचला की तिथल्याने उतरवून घ्यायचा. डोंगराचा प्रश्नच उरला नाही, फक्त उपग्रह येईपर्यंत वाट बघायची.

परवाच्या त्या नोंदीत पाचातले तीन निरोप गेले. पहिल्या पेटीने उरलेल्यांची यादी पुन्हा तपासली. तिसऱ्यापुढे ‘पुढे गेला’ अशी खूण, चौथा पुढच्या फेरीसाठी राखून. मग पाळी दुसरीची. तिच्याकडे द्यायला काही नव्हतं. तिने लिहिलं ‘एफएफ’: माझ्याकडे काही नाही. पहिलीने लिहिलं ‘एफक्यू’: माझ्याकडेही नाही, सोडते. लाल दिवा विझला.