टर्मिनलमधला फाइल मॅनेजर काही कालचा नाहीये

हल्ली याझी नावाच्या फाइल मॅनेजरचं फार चाललंय, तो टर्मिनलमधे, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत चालतो. कुणाचाही टर्मिनलचा स्क्रीनशॉट बघा, तीन कॉलम, डावीकडे वरचं फोल्डर, मधे आत्ता आपण आहोत ते, उजवीकडे फोटोचा नाहीतर कोडचा प्रीव्ह्यू, आणि बघणारा म्हणतो अरे हे काय भारी नवीन आलंय. नवीन त्यात वेग आहे, तो खरंच आहे, पण बाकी जवळपास सगळं उसनं आहे आणि कुणाकुणाचं उसनं ते शोधत गेलं तर गाडी पार 1974 पर्यंत मागे जाते.

तेव्हा स्टॅनफर्डच्या आर्टिफिशल इंटेलिजन्स लॅबमधे स्टॅन कुगेल नावाच्या माणसाने डायरेड लिहिलं. डिरेक्टरी एडिटर, म्हणून डायरेड. फाइलींची यादी स्क्रीनवर आणायची, कर्सर वरखाली फिरवायचा आणि यादीतच काम उरकायचं, हा विचार तिथला. पुढे ते ईमॅक्स या एडिटरच्या आत गेलं आणि आजही आहे, डी दाबून खुणा करत जायचं आणि एक्स दाबला की खुणा केलेल्या सगळ्या फाइली एकदम उडवायच्या. आज रेंजर या टर्मिनलमधल्याच फाइल मॅनेजरमधे पन्नास फाइलींची नावं एडिटरमधे उघडून बदलता येतात त्याचं आपल्याला कौतुक वाटतं, पण यादी म्हणजे शेवटी मजकूरच, तो एडिट का करू नये, हे डोकं त्याच घराण्यातलं.

मग कर्सर एच-जे-के-एल या कीजनी फिरवायची भानगड, जे दाबलं की खाली, के दाबलं की वर. नवीन माणूस हमखास विचारतो की बाण असताना ही चार अक्षरं कशाला. तर 1976 च्या सुमारास बिल जॉय बर्कलीला व्हीआय हा एडिटर लिहीत होता आणि त्याच्याकडे जे एडीएम-3ए टर्मिनल होतं त्याला बाणांच्या वेगळ्या कीज नव्हत्याच, बाण एच, जे, के, एल या कीजवर छापलेले होते. बस, एवढंच कारण. बोटं जागची हलवावी लागत नाहीत वगैरे आपण नंतर शोधलेले फायदे, खरे असले तरी नंतरचे.

पण सर्वसामान्य लोकांपर्यंत ही गोष्ट पोचली ती डॉसमुळे, म्हणजे विंडोजच्या आधीच्या पीसीवरच्या सिस्टममुळे. जॉन सोचा कॉर्नेलला शिकत असताना त्याने 1984 मधे डॉससाठी असाच फाइल मॅनेजर लिहायला सुरुवात केली आणि 1986 मधे पीटर नॉर्टनच्या कंपनीने ते नॉर्टन कमांडर म्हणून बाजारात आणलं. निळा पडदा, शेजारी शेजारी दोन पॅनल, खाली कमांड लाइन, तळाला एफ-कीजची पट्टी. एफ5 कॉपी, एफ6 हलवा, एफ8 डिलीट. दोन पॅनल का, याचं माझं साधं उत्तर असं की त्या काळी निम्मं काम 'इथनं उचल, तिथे टाक' हेच होतं, फ्लॉपीवरनं हार्ड डिस्कवर आणि उलट, मग दोन्ही ठिकाणं डोळ्यासमोर हवीत ना.

पूर्व युरोपात आणि रशियात तर याचं वेड लागलं. व्होल्कोव्ह कमांडर असेंब्ली भाषेत लिहिलेला आणि अख्खा एका .com फाइलीत (डॉसच्या छोट्या प्रोग्रॅमचा प्रकार, वेबसाइट नव्हे) मावणारा, म्हणजे 64 केबीच्या आत. 'फार' नावाचा मॅनेजर लिहिला युजीन रोशलने, तोच तो फाइली दाबून लहान करणाऱ्या आरएआर फॉरमॅटवाला. स्विट्झर्लंडचा ख्रिश्चन गिसलर 1993 पासून विंडोज कमांडर करत होता, त्याला 2002 मधे मायक्रोसॉफ्टचं पत्र आलं की 'विंडोज' शब्द आमचा, मग तो टोटल कमांडर झाला. या दोन पॅनलवाल्या सगळ्या खानदानाला निकोलाय बेझरूकोव्हने ऑर्थोडॉक्स फाइल मॅनेजर असं नाव दिलंय. ऑर्थोडॉक्स म्हणजे कर्मठ, सोवळ्यातले. नाव चपखल आहे, कारण ही मंडळी एफ5 सोडायला आजही तयार नाहीत.

लिनक्सवर हेच रूप 1994 मधे मेक्सिकोच्या मिगेल दे इकाझाने आणलं, मिडनाइट कमांडर, म्हणजे आपला एमसी. हाच माणूस पुढे ग्नोम हा लिनक्सचा डेस्कटॉप सुरू करणाऱ्यांपैकी एक. एमसीत टार फाइल (अनेक फाइलींचं एक गाठोडं) किंवा एफटीपीवरचं, म्हणजे दुसऱ्या मशीनवरचं फोल्डर साध्या फोल्डरसारखं उघडायचं, आणि लांबच्या सर्व्हरवर एसएसएचने, म्हणजे टर्मिनलमधनं गेल्यावर जिथे माउसचा प्रश्नच येत नाही तिथे ते अजूनही पटकन कामाला येतं.

इथे एक गंमत आहे जी मला फार उशिरा कळली. डॉसमधे फाइल मॅनेजर घरमालक होता. मशीन सुरू झालं की नॉर्टन कमांडर उघडायचा, त्यातनंच प्रोग्रॅम चालवायचा, तो संपला की परत निळ्या पडद्यावर. आणि डॉसमधे चालू फोल्डर सगळ्या सिस्टमचं एकच असायचं, त्यामुळे कमांडरमधनं बाहेर पडलात तरी तुम्ही त्याच फोल्डरमधे. युनिक्समधे तसं नाही, तिथे घर शेलचं, म्हणजे कमांड घेणाऱ्या प्रोग्रॅमचं आहे आणि फाइल मॅनेजर पाहुणा, प्रत्येक प्रोसेसचं, म्हणजे चालू प्रोग्रॅमचं, चालू फोल्डर वेगळं आणि पोराने आपलं बदललं म्हणून आईबापाचं बदलत नाही. त्यामुळे दहा फोल्डर आत जाऊन बाहेर पडायला क्यू दाबलं की तुम्ही पुन्हा होतात तिथेच. यावर तोडगा एकच, जाताना शेवटच्या फोल्डरचा पत्ता एका तात्पुरत्या फाइलीत लिहून ठेवायचा आणि शेलमधल्या छोट्या फंक्शनने तो वाचून cd, म्हणजे फोल्डर बदलायची कमांड, चालवायची. एमसीबरोबर अशी रॅपर स्क्रिप्ट येते, आणि रेंजर, एलएफ, एनएनएन, याझी या नव्या फाइल मॅनेजरांच्या सगळ्यांच्या माहितीपत्रात ते पाच-दहा ओळींचं फंक्शन आहेच. मी ते न वाचता काही महिने चिडचिड करत काढले, तो दोष माझाच.

तीन कॉलमची वाट निराळी. मार्क मिलर नावाच्या माणसाने 1980 मधे येलला असताना ही मांडणी काढली म्हणून त्यांना मिलर कॉलम म्हणतात, पुढे नेक्स्टस्टेप या ऑपरेटिंग सिस्टमने ती वापरली आणि तिथनं ती मॅकच्या फाइंडरमधे गेली. टर्मिनलमधे व्हीआयच्या कीज 2001 मधे केन स्टीनच्या व्हीआयएफएमने आणल्या होत्या, पण ते दोन पॅनलवालं. 2009 मधे रोमान झिंबेलमानने रेंजर लिहिलं, मिलर कॉलम अधिक व्हीआयच्या कीज अधिक प्रीव्ह्यू, आणि आज आपल्याला जे रूप ओळखीचं वाटतं ते इथे पक्कं झालं.

फक्त रेंजर पायथनमधलं. सुरू व्हायला क्षणभर घेणार, आणि हजारो फोटोंच्या फोल्डरमधे शिरलात, त्यातही ते फोल्डर नेटवर्कवरचं असेल, तर खाली जायची 'जे' ही की दाबून ठेवा आणि कर्सर मागनं रमतगमत येतोय बघा. पुढची सगळी स्पर्धा या अर्ध्या सेकंदाची आहे. गोकचेहान काराने रेंजरचाच सांगाडा घेऊन गो भाषेत एलएफ केलं, सगळा प्रोग्रॅम एकाच फाइलीत, फालतू काही नाही. दुसऱ्या टोकाला नॉइस नावाचं अगदी चिमुकलं सी प्रोग्रॅम होतं, त्यातनं आपल्याकडच्या अरुण प्रकाश जना यांनी एनएनएन उभं केलं, त्याला सेटिंग्जची कॉन्फिग फाइलसुद्धा नाही, सगळं शेलमधे ठेवलेल्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधनं, आणि मेमरी इतकी कमी खातं की जुन्या लॅपटॉपवर चालू आहे की नाही तेच कळत नाही.

याझी 2023 चं, रस्ट भाषेतलं, आणि चिनी भाषेत याझी म्हणजे बदक. यात खरी मेख भाषेची नाही, वाचायच्या पद्धतीची आहे: फोल्डर वाचणं, प्रीव्ह्यू बनवणं, कॉपी, सगळं असिंक, म्हणजे एकमेकांसाठी न थांबता मागे चालणारं, त्यामुळे मोठा व्हिडिओ प्रीव्ह्यूला अडला तरी कर्सर अडत नाही, तुम्ही पुढे गेलात की ते मागचं काम सोडून दिलं जातं. आणि फोटो दिसतात ते कसे, तर रेंजरच्या काळात डब्ल्यू3एम ब्राउझरचं एक जुगाडू प्रोग्रॅम टर्मिनलच्या खिडकीवर चित्र रंगवायचं, सरकवलं की फाटायचं. आता किटी टर्मिनलचा ग्राफिक्स प्रोटोकॉल, म्हणजे टर्मिनलमधे चित्र दाखवायची ठरलेली पद्धत आहे, तो काढला कोविद गोयल यांनी, ई-बुकसाठी आपण सगळे वापरतो ते कॅलिबरही त्यांचंच. किटी नसेल तर सिक्सेल नावाची तशीच जुनी पद्धत चालते, आणि ते तर डेक कंपनीच्या ऐंशीच्या दशकातल्या टर्मिनलचं आहे.