चार्जिंगचा लाल दिवा नुसता दिवा नसतो

जुन्या फियाटची किंवा अ‍ॅम्बॅसेडरची बॅटरी सारखी उतरायला लागली की मालक नवी बॅटरी आणतो. काही महिन्यांनी तीही उतरते. अशा वेळी दोष बॅटरीत शोधण्याआधी चार्जिंगच्या वायरिंगमध्ये शोधावा, आणि सुरुवात डॅशबोर्डवरच्या लाल दिव्यापासून करावी.

इंजिनच्या जोरावर वीज तयार करून बॅटरी भरतो तो अल्टरनेटर. त्याच्या रोटरमध्ये, म्हणजे फिरणाऱ्या भागात, कायमचा चुंबक नसतो. रोटरच्या गुंडाळीतून वीज वाहिली की तो चुंबक होतो, मग भोवतीच्या स्टेटरमध्ये एसी वीज तयार होते आणि डायोड तिची डीसी करतात. पण सुरुवातीला रोटरला वीज कोण देणार? लुकास कंपनीच्या बऱ्याच जुन्या अल्टरनेटरमध्ये ती या लाल दिव्यातूनच जाते. किल्ली फिरवली की बॅटरीचा थोडासा प्रवाह दिव्यातून रोटरकडे जातो आणि दिवा लागतो. अल्टरनेटर चालू झाला की दिव्याच्या दोन्ही बाजूंना जवळपास सारखेच व्होल्टेज येते, प्रवाह थांबतो, दिवा विझतो. एका बल्बकडून दोन कामं करून घेणारी ही रचना मला फार आवडते.

बल्ब उडाला तर मात्र चार्जिंग होतच नाही, किंवा इंजिन रेस केल्यावरच सुरू होतं. बल्ब २.२ वॅटचा, म्हणजे त्यातून सुमारे ०.१८ अँपिअर जातात. त्याजागी हौसेने एलईडी बसवला की प्रवाह अगदीच तुटपुंजा पडतो.

दिवा ठीक असेल तर मल्टिमीटर घ्या. इंजिन बंद असताना भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास असते, चालू असताना १३.८ ते १४.४ हवेत. अल्टरनेटरवर १४.२ आणि बॅटरीवर १३.४ दिसले तर मधल्या वायरीत किंवा गंजलेल्या टर्मिनलमध्ये व्होल्टेज वाया जातंय. इंजिन आणि गाडीची बॉडी जोडणारी अर्थची पट्टीही बघा. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, त्यामुळे ही पट्टी तुटली की स्टार्टरचा प्रवाह चोक किंवा अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो आणि केबल तापते. अल्टरनेटर फिरवणारा फॅन बेल्ट सैल असेल तर आधी तोच ताणावा.

गाडीत अजून डायनमो (अल्टरनेटरच्या आधीचा डीसी जनरेटर) असेल तर आयडलिंगला हेडलाइट मंद होणारच, तो त्याचा स्वभाव आहे.

एक गोष्ट कृपया करू नका: अल्टरनेटर चालतो का हे बघायला चालू इंजिनवर बॅटरीची वायर काढणं. डायनमोच्या काळापासून चालत आलेली ही सवय आहे. अल्टरनेटरमध्ये त्या क्षणी व्होल्टेज उसळतं आणि डायोड जळू शकतात.