जर्नलवरची तारीख आणि सर्व्हरवरची तारीख

पुण्यातल्या एका इंजिनीअरिंग कॉलेजात चौघांच्या ग्रुपने बीईचा प्रोजेक्ट म्हणून लिहायला घेतलेली सबमिशन आणि गुणांकनाची वेब प्रणाली आता तिसऱ्या बॅचच्या हातात आहे. तिच्यावरून विभागात तारखांचा जो वाद पेटला, त्याचं मूळ जर्नलच्या, म्हणजे प्रॅक्टिकलच्या वहीच्या, अनुक्रमणिकेच्या पानावर सापडतं.

विद्यार्थ्यांचे प्रोग्रॅम यंत्राने तपासण्याचा प्रयोग १९६० मध्ये पंचकार्डांवर झाला होता. कोडमधली नक्कल पकडणारं मॉस १९९४ चं, ऑनलाइन वर्ग चालवणारं मूडल २००२ चं. आपल्याकडे मात्र टर्म वर्कचे, म्हणजे सत्रभराच्या कामाचे, गुण फाईल चाळूनच पडत राहिले.

कागद कमी करण्याची भाषा पुण्यात जुनीच. २०१५ च्या कॉम्प्युटर इंजिनीअरिंगच्या अभ्यासक्रमातच प्रोग्रॅमचे प्रिंटआउट जर्नलला जोडणं टाळा, कोड डीव्हीडीवर ठेवा, असं सुचवलं होतं. राइट-अप, म्हणजे असाइनमेंटचं लेखी टिपण, मात्र हातानेच लिहायचा, त्यावर पूर्ण केल्याची तारीख आणि तपासनिसाची सही हवीच. म्हणजे कोड डिजिटल झाला, तारीख कागदावरच राहिली.

मग मार्च २०२०. राइट-अपचे फोटो काढून पीडीएफ गूगल क्लासरूमवर टाकणं सुरू झालं. ज्या कॅमस्कॅनर या चिनी अ‍ॅपवर निम्मा वर्ग विसंबून होता, त्यावर जूनअखेरीस सरकारनेच बंदी घातली, ही त्यातली गंमत. पण त्या काळात एक गोष्ट घडली जिची फारशी चर्चा झाली नाही: उशिरा आलेल्या कामावर पहिल्यांदा 'उशिरा' असा शिक्का आपोआप बसू लागला, आणि तो बसवणारा माणूस नव्हता.

कारण कागदावरची तारीख ही नेहमीच सामोपचाराची बाब होती. सत्राच्या शेवटच्या आठवड्यात लॅबबाहेर रांग लागायची, डिफॉल्टर लिस्टमधले, म्हणजे काम किंवा हजेरी अपुरी असलेले, सगळ्यात मागे. सर एका बैठकीत दहा असाइनमेंटवर सह्या करायचे आणि तारखा मात्र जुलैपासून आठवड्याआठवड्याच्या अंतराने पडायच्या. याला कोणी खोटेपणा म्हणत नसे. टर्म ग्रँट व्हायची म्हणजे सत्र मंजूर व्हायचं, एक्स्टर्नलसमोर, म्हणजे बाहेरून आलेल्या परीक्षकासमोर, जर्नल नीट दिसायचं, विषय संपला.

पीएचपी आणि मायएसक्यूएलवर उभ्या राहिलेल्या पहिल्या आवृत्तीत हे बसणारच नव्हतं. फाईल चढली की वेळ नोंदली जायची आणि ती शिक्षकालाही बदलता येत नव्हती. त्यातही सुरुवातीला सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर, म्हणजे भारतापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेवर, होतं, त्यामुळे रात्री ११:५९ ची मुदत प्रत्यक्षात पहाटे ५:२९ ला संपायची. होस्टेलच्या पोरांनी हे आधी हेरलं आणि शहाण्यासारखं कोणाला सांगितलं नाही. घड्याळ दुरुस्त झालं त्या आठवड्यात तक्रारींचा पाऊस पडला.

त्यानंतर काही शिक्षकांनी तारीख बदलण्याचा अधिकार मागितला. त्यांची बाजू अगदीच पोकळ नव्हती: वीज जाते, वायफाय बसतं, कोणी आजारी असतं, आणि अशा वेळी निर्णय शिक्षकाचाच असायला हवा. टीम अडून बसली. एकदा तारीख बदलता आली की सत्राअखेरीस सगळ्याच बदलतील, मग प्रणाली हवी कशाला, हा त्यांचा सवाल. प्रोजेक्टचे गाइड, म्हणजे मार्गदर्शक शिक्षक, मध्ये अडकले. एकीकडे सहकारी, दुसरीकडे स्वतःचाच ग्रुप.

तोडगा निघाला तो दोन तारखांचा. चढवल्याची वेळ सर्व्हर लिहितो, तिला कोणी हात लावायचा नाही. 'स्वीकारल्याची तारीख' शिक्षक भरतात, सोबत एका ओळीत कारण. उशिराचे गुण कापायचे ते या दुसऱ्या तारखेवरून. विद्यार्थ्यांच्या बाजूने पाहिलं तर हे आधीपेक्षा कडक नाही. फक्त सवलत कोणाला मिळाली ते आता दिसतं. खरं दुखणं तिथेच असावं. कारणाच्या रकान्यात पहिल्या सत्रात सर्वाधिक वेळा काय भरलं गेलं? नुसता एक पूर्णविराम. दुसऱ्या बॅचने मग त्या रकान्याला किमान अक्षरांची अट घातली.

टेस्ट केसवरून, म्हणजे ठरावीक इनपुट देऊन प्रोग्रॅमचं उत्तर तपासून, आपोआप पडणाऱ्या गुणांबद्दल, जो प्रोजेक्टचा मूळ विषय होता, त्या मानाने कोणी फारसं भांडलं नाही. ओरलला पोराला चार प्रश्न विचारले की कळतंच, असं म्हणून शिक्षकांनी ते मान्य केलं.

सध्याचा पेच प्रॅक्टिकल परीक्षेचा आहे. एक्स्टर्नलपुढे अजूनही छापील अनुक्रमणिका ठेवावी लागते आणि तिच्यात तारखेचा रकाना एकच आहे. त्यात कोणती तारीख छापायची याचा निर्णय विभागाच्या बैठकीत दोनदा पुढे ढकलला गेला आहे.