'कापडी' म्हणून मिळणारी पिशवी : मराठवाड्यातल्या घरगुती प्लॅस्टिकची पार्श्वभूमी

2018 चे फेब्रुवारी-मार्च छत्रपती संभाजीनगरने, तेव्हाच्या औरंगाबादने, नाकाला रुमाल लावून काढले. 16 फेब्रुवारीपासून नारेगाव परिसरातल्या गावकऱ्यांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या. तीन दशकांहून अधिक काळ शहराची घाण त्यांच्या शिवाराला लागून पडत होती. दुसरी जागा शोधता शोधता 7 मार्चला शहरालगतच्या मिटमिट्यात प्रकरण दगडफेक आणि लाठीमारावर गेले. नारेगावला कचरा टाकायला न्यायालयाने मनाई केली. हे सगळे पेटलेले असतानाच 23 मार्चला राज्याची प्लॅस्टिकबंदीची अधिसूचना निघाली आणि तीन महिन्यांनी, 23 जूनपासून, दंड सुरू झाला.

इथल्या घरांना कचरा वेगळा करायची जी काही सवय लागली ती पहिल्या वेळच्या 5000 रुपये दंडाच्या धाकाने नव्हे, गाडी येईना म्हणून लागली, असे माझे स्पष्ट मत आहे. कचरा उचलायला कोणी येत नाही म्हटल्यावर लोकांनी आपलीच बादली उपडी करून पाहिली. गाठ मारलेली कॅरीबॅग, आत चहाचा चोथा, मेथीची देठे, दुधाची पन्नी. मार्चच्या उन्हात ती पिशवी तीन दिवसांत फुगते आणि सोडली की घरात उभे राहवत नाही. तीच देठे उघड्या बादलीत वाळल्या पाल्यासोबत टाकली तर निमूट कुजतात. ओला-सुका वेगळा करणे हे तेव्हापासून घरातले काम झाले. दुधाच्या पिशवीचा कोपरा कापून टाकायचा नाही, नुसती चीर द्यायची. मग पिशवी खळाळून ओट्यामागच्या फरशीला चिकटवायची, वाळली की भंगाराच्या पोत्यात. तो नखाएवढा कोपरा वेगळा झाला तर कोणीच वेचत नाही, थेट नालीत जातो.

बंदीला पहिला तडा दंड सुरू झाल्यावर आठवडाभरातच गेला. किराणा दुकानदारांच्या आग्रहापुढे सरकारने 50 मायक्रॉनहून (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड पन्नीत माल बांधून द्यायला मुभा दिली. पण खरा घोटाळा झाला तो 'कापडी' या शब्दाने.

साडीच्या दुकानात, मेडिकलवर, मिठाईवाल्याकडे रंगीत, मऊ, बारीक ठिपक्यांची पिशवी मिळते. सगळे तिला कापडी पिशवी म्हणतात. ती कापडाची नाही. पॉलिप्रॉपिलिनचे धागे न विणता, उष्णतेने दाबून एकमेकांना चिकटवलेले असतात, म्हणून तिचे व्यापारातले नाव नॉनवोव्हन. तिचा एक तंतू ओढून काडी लावा: सुती धाग्याची राख होते, हा वितळून कडक मणी होतो. माळ्यावर उन्हाची तिरीप येते तिथे वर्षभर ठेवा, हात लावताच भुगा पडतो आणि तो भुगा झाडून गोळा करणेही अवघड. 2018 च्या अधिसूचनेत ती नाव घेऊन बंद केली होती. बाजारात मात्र 'पन्नी बंद, कापडी चालू' असा सोयीचा अर्थ लागला. घरोघरच्या बायाबापड्यांनी मनापासून कॅरीबॅग सोडली आणि तिच्या जागी प्लॅस्टिकच आणले. पुढे 2021 च्या केंद्रीय नियमांनी चौरस मीटरला किमान 60 ग्रॅम वजनाची अशी पिशवी चालेल असे ठरवले आणि 2022 च्या अखेरीस राज्यानेही तेवढी सूट दिली. हा निर्णय मला चुकीचा वाटतो. भाजीच्या गाड्यावर वजनकाटा असला तरी पिशवीचे चौरस मीटरचे ग्रॅम कोण मोजणार? त्यापेक्षा जुन्या पॅन्टच्या पायाची, मांजरपाटाची पिशवी दारामागच्या खिळ्याला असावी. वायरची पिशवी प्लॅस्टिकचीच, पण ती दहा-दहा वर्षे बाजार करते, तिच्याशी भांडण नाही.

कॅरीबॅग किमान किती जाड हवी, हा केंद्राच्या नियमांतला मायक्रॉनचा हिशोब त्याहून जुना: 1999 साली 20, 2011 ला 40, 2016 ला 50, सप्टेंबर 2021 पासून 75 आणि 31 डिसेंबर 2022 पासून 120. राज्याने मुंबईच्या 2005 च्या पुरानंतर 50 ची अट आधीच घातली होती.

त्याआधीचे सांगायचे तर किराणा रद्दीच्या पुड्यात, दोऱ्याने बांधून यायचा; पंगत पळसाच्या पत्रावळीवर बसायची. ते एका दिवसात गेले नाही. गोडेतेल बरणीतून पाऊचमध्ये गेले त्यामागे 1998 ची दिल्लीतली भेसळ होती: मोहरीच्या तेलात मिसळलेल्या पिवळ्या धोत्र्याच्या तेलाने माणसे दगावली आणि केंद्राने पॅकिंगची सक्ती केली. पाण्याचे कारण आपले स्वतःचे. दोन-दोन कोस पाणी वाहणाऱ्या बाईला पितळी घागरीपेक्षा प्लॅस्टिकची हलकी पडली, यात तिला दोष देता येत नाही. 2016 ला लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या उन्हाळ्यांनी 20 लिटरचा जार घरात आणला. जार निदान परत तरी जातो. लग्नातली पाव लिटरची बाटली अर्धी पिऊन मांडवातच राहते.

अलीकडे लाकडी घाणे पुन्हा दिसू लागलेत. करडईचे, शेंगदाण्याचे तेल डोळ्यांदेखत निघते. तिथे स्टीलची बरणी नेली की आधी रिकामी काट्यावर ठेवतात, वजन वजा करतात आणि मग तेल ओततात.