जिभाऊंची होडी आणि डबल एचपीचं गणित

आमच्या तापीकाठी एचपी म्हणजे काय हे कुणाला समजवावं लागत नाही, विहिरीवर 3 ची मोटर पुरते की 5 ची लागेल यावर पारावर तासभर भांडण होतं. म्हणून बॅकवॉटरला मासे धरणाऱ्या आमच्या जिभाऊंनी 14 फुटी, सपाट बुडाच्या होडीला 20 च्या जागी सेकंडहँड 40 चं इंजिन बघून ठेवलं तेव्हा त्यांचा हिशोब सरळ होता, इंजिन डबल, स्पीड डबल.

पण होडी चालताना स्वतःच लाट उठवते, स्पीड वाढेल तशी ती लांब होत जाते आणि होडीएवढी लांब झाली की होडी आपल्याच लाटेवर नाक वर करून अडकते. ठोकताळा असा: पाण्यातल्या लांबीच्या फुटांचं वर्गमूळ, गुणिले 1.34, उत्तर नॉटमध्ये. 14 फुटाला आलं 5 नॉट, म्हणजे तासाला जेमतेम 9 किलोमीटर. जाळी-माशांनी भरलेली होडी तिथंच रखडते, जादा ताकद नुसतं पेट्रोल जाळण्यात आणि लाटा उठवण्यात जाते. हलकी असेल तर मात्र पाण्यावर उचलली जाऊन घसरत पळते, मग स्पीड खरंच वाढतो.

आणि भीती पण तिथंच आहे. 20 चं इंजिन साधारण 50 किलोचं, 40 चं 100 च्या आसपास, आणि हे सगळं लटकतं मागच्या फळीवर! मागची बाजू आधीच दबलेली, त्यात पळताना एकदम थ्रॉटल सोडला की मागून येणारी आपलीच लाट फळीवरून आत. शिवाय पंखा होडीला ढकलतो खालच्या टोकाला, पाण्यात, आणि इंजिनाचे बोल्ट असतात वर फळीवर, म्हणजे फळीला टॉमी (लांब लोखंडी दांडा) लावून पिळल्यासारखंच. सारंगखेड्याच्या बाजारातला तगडा घोडा मोडक्या टांग्याला जुंपायचा, तसा प्रकार.

अमेरिकेत 20 फुटांखालच्या अशा होड्यांना जास्तीत जास्त किती एचपी लावायची याचं सूत्रच आहे. लांबी गुणिले मागची रुंदी, 14 गुणिले 5 म्हणजे 70. सपाट बूड असेल आणि इंजिनाचाच दांडा हातात धरून होडी वळवायची असेल तर त्याचं अर्धं करून 15 वजा, आले 20 एचपी. पण त्याच होडीला स्टेअरिंग आणि 20 इंच उंच मागची फळी असेल तर 70 ची दुप्पट वजा 90, म्हणजे 50! मला यातलं हेच भारी वाटतं, कारण दांडा धरणारा माणूस इंजिनाजवळच बसतो, त्याचंही वजन मागेच, आणि जोरात वळताना दांड्याचा झटका थेट त्याच्या हाताला.

जिभाऊंनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मंग स्टेअरिंग केवढाले भेटस?"