अँडरसोनाइट आणि ऑट्युनाइट: दिव्याखाली सारखे, पाण्यात वेगळे

ऑट्युनाइट हे खनिज संग्राहकांच्या ओळखीचं: कॅल्शियम-युरेनियमचं फॉस्फेट, पिवळे चपटे पापुद्रे, नाव फ्रान्समधल्या ओतँ गावावरून. अँडरसोनाइट मात्र दुर्मीळ. सोडियम, कॅल्शियम आणि युरेनियमचं हे कार्बोनेट पहिल्यांदा अ‍ॅरिझोनातल्या हिलसाइड खाणीत सापडलं आणि भूवैज्ञानिक चार्ल्स अँडरसन यांच्या नावाने ओळखलं जाऊ लागलं.

‘अतिनील दिव्याखाली हिरवं चमकलं म्हणजे ऑट्युनाइट’ हे वाक्य आता थांबायलाच हवं. चमक येते ती युरेनिल आयनामुळे (युरेनियम आणि ऑक्सिजनचा भारित गट), आणि तो दोन्हींत आहे. चमकेवरून किरणोत्सर्गही मोजू नका. अँडरसोनाइटमध्ये वजनाने सुमारे ३७ टक्के युरेनियम, ऑट्युनाइटमध्ये ५० च्या आसपास. युरेनिनाइट या युरेनियमच्या ऑक्साइड खनिजात याहून कितीतरी जास्त, तरी ते चमकत नाही.

खरा फरक पाण्याचा. ऑट्युनाइटमध्ये युरेनिल आणि फॉस्फेट मिळून सलग थर बनतात. कॅल्शियम आणि पाणी त्या थरांच्या मधे बसतं. अँडरसोनाइटमध्ये एका युरेनिलभोवती तीन कार्बोनेट असा सुटा गट असतो, आणि पाणी तो अख्खाच उचलून नेतं. म्हणून हे खनिज खाणीच्या भिंतीवर पाणी सुकताना मिठासारखं फुलून येतं. नमुना नळाखाली धुतला, की तुमचं अँडरसोनाइट मोरीत गेलं. ब्रश कोरडाच वापरा, तोही हलक्या हाताने आणि मास्क लावून; धूळ श्वासात जाणं सगळ्यात वाईट.

तपासायचं असेल तर सुईच्या टोकाएवढा कण काचपट्टीवर घ्या, ऊर्ध्वपातित पाण्याचा एक थेंब सोडा आणि भिंगातून बघा. अँडरसोनाइटच्या कडा गोलावतात, मग कण विरून जातो. ऑट्युनाइट तसंच राहतं. दुसऱ्या कणावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल टाका: अँडरसोनाइट फसफसतं, ऑट्युनाइट बुडबुड्यांशिवाय विरघळतं. इथे हमखास चूक होते ती कणाला चिकटलेल्या कॅल्साइटमुळे. बुडबुडे त्याचे असतात. म्हणून चमकणारा स्वच्छ कणच निवडा. थेंब टिश्यूने टिपून वेगळ्या पिशवीत ठेवा. विरघळलेलं युरेनियम मूत्रपिंडाला घातक आहे.

पाण्यात विरघळलं म्हणून लगेच ‘अँडरसोनाइट’ असं लेबल लावू नका. लीबिगाइट, बेलीआइट, स्वार्ट्झाइट हीही तशीच विरघळणारी युरेनिल कार्बोनेटं. त्यांच्यातून नेमकं एक ठरवायला क्ष-किरण विवर्तनच, म्हणजे स्फटिकाची आतली रचना दाखवणारी प्रयोगशाळेतली चाचणीच लागते.

साठवण उलटी: अँडरसोनाइटला ओल चालत नाही, तर ऑट्युनाइट अति कोरड्या हवेत पाणी गमावून मेटा-ऑट्युनाइट होतं आणि त्याचे पापुद्रे सुटतात. त्याच्या डबीत सिलिका जेलची पुडी टाकू नका. डबी कुठलीही असो, ती खिडकीपाशी उघडा. आत रेडॉन हा युरेनियमच्या क्षयातून तयार होणारा किरणोत्सर्गी वायू साचलेला असतो.